काशीस जावे, झूम सोडावी

काशीयात्रा केली की आवडता एखादा पदार्थ तिथे सोडून यायचा, अशी आपल्याकडची जुनी रीत. माझ्या आजीने वांगं सोडलं होतं. भरीत म्हणजे तिचा जीव की प्राण, पण काशीहून आल्यावर तिने शेवटपर्यंत वांग्याला हात लावला नाही. मी पहिल्यांदा बनारसला गेलो तेव्हा माझ्या बॅगेत ७०-३०० मिमीची झूम लेन्स होती, आणि ती मला आजीच्या वांग्याइतकीच प्रिय होती. लांब उभं राहायचं, कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही आणि माणसं टिपायची. तीन दिवसांत बाराशे फोटो झाले. घरी येऊन पाहिले तर निम्म्यांत नुसत्या पाठी, आणि उरलेल्यांत माणसं सीसीटीव्हीत दिसतात तशी. दुसऱ्या खेपेला ती लेन्स घरीच ठेवली.

प्रवासात माणसांचे सहज फोटो काढायला जे नुकतेच लागलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरण बनारसचं घेतोय, कारण तिथे माझ्या बऱ्याच चुका करून झाल्या आहेत.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. 'कॅन्डिड' हा शब्द आपल्याकडे लग्नांमुळे रुळला. कॅन्डिडवाला फोटोग्राफर वेगळा असतो, त्याचे पैसे वेगळे असतात, आणि तो नवरीला सांगतो, "ताई, इकडे न बघता हसा." दुसऱ्या टोकाला माझ्या झूमसारखी चोरी. प्रवासातला कॅन्डिड या दोन्हींत बसत नाही. तुम्ही समोर आहात, हातात कॅमेरा आहे, हे समोरच्याला पुरतं माहीत आहे. पण त्याला आता तुमच्यात काही रस उरलेला नाही. थोडक्यात, लोकांना तुमचा कंटाळा आला पाहिजे. पुढचं सगळं त्या कंटाळ्यापर्यंत कसं पोचायचं याबद्दल आहे.

निघण्याआधी

पहिल्या खेपेला पावसाळा टाळा. जुलै ते सप्टेंबर गंगा चढते, खालच्या पायऱ्या पाण्याखाली जातात आणि एका घाटावरून दुसऱ्या घाटावर नदीकाठाने जाता येत नाही. गल्ल्यांमधून वळसे घालत बसावं लागतं. ऑक्टोबर ते मार्च ठीक. डिसेंबर-जानेवारीत दाट धुकं पडतं. गाड्या रखडतात, पण फोटोला ते धुकं फार उपकारक असतं, कारण मागचे फलक, तारा, प्लास्टिकच्या खुर्च्या सगळं गिळून टाकतं. कार्तिक पौर्णिमेच्या देवदिवाळीला मात्र नवख्याने जाऊ नये. लाखो दिवे दिसतात हे खरं, पण गर्दीत कोपर हलवायला जागा नसते आणि त्या दिवशी कुणीच आपल्या रोजच्या जगण्यात नसतं.

किमान पाच दिवस काढा. दोन दिवसांत काशी, प्रयाग आणि अयोध्या करणाऱ्या सहलीबरोबर गेलात तर देवदर्शन होईल, हे काम होणार नाही. राहायला घाटाच्या जवळ, गल्लीत जागा बघा. स्टेशनाजवळच्या हॉटेलात राहिलात तर पहाटे रिक्षा शोधण्यातच उजेड निघून जातो.

सामान: एक कॅमेरा, त्याला ३५ किंवा २८ मिमीची एकच लेन्स, दोन बॅटऱ्या. कॅमेरा नसेल तर फोनही चालेल. त्याची मुख्य लेन्स साधारण २४ ते २६ मिमीसारखी दिसते, म्हणजे मुळात जवळ जायला लावणारीच. फक्त बोटांनी झूम करायचं नाही. आजीने वांगं सोडलं, तुम्ही एवढं सोडा.

मुंबईहून महानगरी एक्सप्रेसने जाणार असाल तर सराव गाडीतच सुरू होतो. स्लीपरच्या डब्यात सकाळी भुसावळला जाग येते तेव्हा तुमच्या कॅमेऱ्याकडे सगळे बघतात. कुणी किंमत विचारतं, कुणी पोराला पुढे करतं. जबलपूर येईस्तोवर कुणी ढुंकून बघत नाही, पत्ते रंगात आलेले असतात. काशीत पाच दिवसांत जे घडवायचं आहे, ते गाडीत एका दिवसात आपसूक घडतं.

पहिला दिवस: कॅमेरा पिशवीत

हा नियम सगळ्यांना जाचतो, मलाही जाचला. पण पहिल्या दिवशी कॅमेरा काढायचा नाही.

अस्सी घाटावरून सुरुवात करा आणि उत्तरेकडे चालत राहा. घाट एकूण ८४ मानतात आणि त्यांची रांग सहा-सात किलोमीटर भरते. तुलसी घाट, चेतसिंह घाट, हरिश्चंद्र घाट, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा केदार घाट, मग अहिल्याबाई घाट आणि दशाश्वमेध. पुढे मणिकर्णिका, त्याला लागून शिंद्यांचा घाट. हा इतका जड बांधला की खचला, आणि तिथलं कललेलं रत्नेश्वराचं देऊळ सगळ्यांच्या फोनमध्ये असतंच. तुम्हीही काढाल, काढा. पुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट, पंचगंगा, दुर्गा घाट, ब्रह्मा घाट.

चालताना प्रकाश बघायचा. इथे गंगा उत्तरेकडे वाहते आणि सगळे घाट पश्चिम काठावर, पूर्वेकडे तोंड करून आहेत. सूर्य समोरच्या ओसाड रेतीवरून उगवतो आणि पहिलं ऊन थेट पायऱ्यांवरच्या माणसांच्या तोंडावर येतं. तुम्ही नदीकडे पाठ करून उभे राहिलात तर चेहरे उजळलेले मिळतात, आणि पायऱ्या चढून नदीकडे तोंड केलंत तर त्याच माणसांच्या काळ्या आकृत्या. संध्याकाळी सूर्य इमारतींच्या मागे गेलेला असतो. घाट लवकर सावलीत जातो आणि उजेड मऊ, निळसर होतो. मुंबईच्या घड्याळावर भरवसा ठेवू नका. बनारसला सूर्योदय हिवाळ्यात जवळपास अर्धा तास आणि उन्हाळ्यात जवळपास तासभर आधी होतो. डिसेंबरात सूर्य सव्वापाचच्या सुमारासच मावळतो. चहा पिऊन निघू म्हणणाऱ्या पुणेकराला काळोखच मिळतो.

दुसरी गोष्ट बघायची ती जागा. कुठे न्हावी बसतो, कुठे पोरं क्रिकेट खेळतात, कुठे धुतलेल्या साड्या पायऱ्यांवर अंथरतात, कुठल्या छत्रीखाली कुठला पंडा. यातला दोनतीन घाटांचा एकच पट्टा निवडा आणि पुढचे चार दिवस घाटावरची बैठक त्याच्या बाहेर मांडायची नाही असं ठरवा. मी केदार घाटाच्या आसपास राहतो. दक्षिणेकडून आलेले यात्रेकरू, बंगाली कुटुंबं, तिथलेच नावाडी असा तिथला दिवस भरलेला असतो आणि दशाश्वमेधासारखी रेटारेटी नसते.

आणि चहा. पट्ट्यातली एक टपरी पकडायची आणि दिवसातून तीनदा तिथेच प्यायचा. चहा मातीच्या पुरव्यात, म्हणजे कुल्हडात, मिळतो. बाकड्यावर बसा, पेपर उघडा, कुणी बोललं तर बोला. हिंदी आपली सगळ्यांची चालते, पण 'महादेव!' म्हणून हात उंचावला की समोरच्याचा चेहरा बदलतो. पुरुषांमध्ये 'का गुरु' ही तिथली हाक आहे. ती दोन दिवस ऐका, मग वापरा, पहिल्याच तासाला वापरलीत तर नाटकी वाटते. एखाद्याने उत्तर न देता नुसती हनुवटी वर केली तर राग मानू नका, तोंडात पान असतं.

दुसरा दिवस: बैठक

आता कॅमेरा गळ्यात घाला. पिशवीत लपवून मधेच काढलात तर माणसं दचकतात. पहिल्यापासून दिसत राहिला तर पाच मिनिटांनी त्याची छत्री होते, कुणाचं लक्ष नाही.

एका पायरीवर बसा. तासभर. उठायचं नाही. नवखा फोटोग्राफर सतत चालत असतो आणि प्रत्येक ठिकाणी नवा असतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी लोक त्याच्याकडे बघतात. एकाच जागी बसलेला माणूस अर्ध्या तासात घाटाचा भाग होतो. समोर न्हावी असेल तर त्याच्या पाण्याच्या वाटीपासून पुढे बसलेल्या गिऱ्हाइकापर्यंत एक चौकट मनात आखा आणि तिच्यात काही घडायची वाट बघा. पहिली पंधरा मिनिटं न्हावी तुमच्याकडे बघून केसांवरून हात फिरवेल. मग त्याचं गिऱ्हाईक काहीतरी चावट बोलेल आणि तो तुम्हाला विसरेल.

सेटिंगचं फार अवडंबर माजवू नका. शटरचा वेग १/२५० सेकंदापेक्षा हळू नको, पोरं पाण्यात उड्या मारत असतील तर १/१०००. आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ऑटोवर, कमाल ६४०० पर्यंत मोकळा. एफ/८ ठेवा, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान राहून मागचंही स्पष्ट येतं. पाठीमागचं सगळं धूसर करण्याचा मोह नवख्याला फार असतो, पण बनारसचं पाठीमागचं घालवून टाकलं तर तो फोटो तुमच्या सोसायटीच्या गच्चीवरही काढता आला असता. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३५ मिमीची लेन्स एफ/८ ला ठेवून फोकस हाताने ३ मीटरवर लावला, तर साधारण २ मीटरपासून ७ मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं. तीन मीटर म्हणजे चार पावलं. मग फोकस शोधत बसायचं कामच उरत नाही, फक्त अंतराचा अंदाज लागतो, आणि तो दोन दिवसांत येतो.

फोनवाल्यांसाठी: शटरचा आवाज बंद, आवाज कमी-जास्त करायच्या बटणाने फोटो, पोर्ट्रेट मोड नको. आरतीच्या वेळी ज्योतीवर बोट दाबून फोकस पक्का करा आणि उजेड थोडा खाली ओढा, नाहीतर ज्योतींच्या जागी पांढरे डाग येतात. लेन्स दर तासाला सुती कापडाने पुसा. तुपाचा आणि धुपाचा थर बसतो आणि मग वाटतं फोन बिघडला.

विचारायचं की नाही

यावर माणसं कडाडून भांडतात. माझा रिवाज असा: गर्दीचा, घाटाचा, लांबचा फोटो असेल तर विचारत नाही. एका माणसाचा चेहराच फोटोचा विषय असेल तर काढण्याआधी किंवा काढल्यावर लगेच डोळ्याला डोळा भिडवतो. कॅमेरा थोडा उचलायचा, भुवया वर करायच्या. मान हलली तर काढायचा. मान हलली आणि माणूस ताठ उभा राहिला, तर तो ताठ फोटो आधी काढून घ्या, त्याला दाखवा आणि तिथेच थांबा. तुमचा फोटो त्यानंतरचा आहे, जेव्हा तो हसून पुन्हा दोर गुंडाळायला लागतो.

नको म्हटलं तर नको. आधीच काढला असेल तर त्याच्यासमोर पुसून टाका आणि पुसलेला दाखवा. यात वाद घालणारे लोक मी पाहिले आहेत, 'सार्वजनिक जागा आहे' वगैरे. त्यांच्यामुळे पुढचा आठवडाभर त्या घाटावर प्रत्येक कॅमेरेवाल्याकडे लोक वाकड्या नजरेने बघतात.

लहान मुलांचा फोटो काढायचा तर जवळपासच्या मोठ्यांना विचारा. चॉकलेट वाटू नका.

साधूंचा प्रश्न वेगळा. दशाश्वमेधाजवळ भस्म लावून, जटा मोकळ्या सोडून बसलेले बरेचजण फोटोचे पैसे घेतात. त्यात वाईट काही नाही, तो त्यांचा रोजगार आहे आणि ते भाव आधी सांगतात. द्यायचे असतील तर द्या, फोटो छान येतो. पण तसाच फोटो अर्ध्या जगाकडे आहे.

जिथे हात कॅमेऱ्याकडे जायला नको

स्नान करणाऱ्या आणि ओले कपडे बदलणाऱ्या बायका. हे लिहावं लागतंय याचंच वाईट वाटतं, पण पहाटे लांब लेन्सा नेमक्या तिकडे वळलेल्या दिसतात. तुमची आई तिथे असती तर, एवढं पुरे.

मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाट. इथे चिता जळतात, मणिकर्णिकेवर रात्रंदिवस. फोटो काढायचा नाही, नावेतूनही नाही. नावाडी सांगेल, "लांबून चालतं." मृताच्या मुलाला ते चालतं का, हे नावाडी सांगू शकत नाही. तिथे जाऊ नका असं मात्र मी म्हणणार नाही. जा, कॅमेरा पिशवीत टाकून चेन लावा आणि थोडा वेळ उभे राहा. चितेला अग्नी देणारे डोम, लाकडं तोलणारे, बाजूला चहा पिणारे नातेवाईक, फुलांचे हार खाणाऱ्या गाई हे सगळं एकाच जागी, एकाच सुरात चाललेलं असतं. ते बघितलं की उरलेल्या बनारसचे फोटो निराळे निघतात. कसे, ते मला नीट सांगता येत नाही. एक सावधगिरी: एखादा सभ्य दिसणारा माणूस "वरून नीट दिसेल, या" म्हणून इमारतीत नेईल आणि मग गरिबांच्या लाकडांसाठी देणगी मागेल. मी पहिल्या खेपेला पाचशे रुपये दिले. नमस्कार करून चालू लागायचं, बस.

काशी विश्वनाथाच्या मंदिरात कॅमेरा आणि फोन नेता येत नाहीत. लॉकरमध्ये ठेवावे लागतात. अहिल्याबाई होळकरांनी १७८० साली बांधलेलं हे देऊळ हात रिकामे ठेवून बघायला मिळतं, हे माझ्यासारख्याच्या पथ्यावरच पडलं.

तिसरा-चौथा दिवस: घाट सोडून आत

घाट सगळेच टिपतात. मदनपुरा, पीली कोठी या विणकरांच्या मोहल्ल्यांत त्या मानाने कमी लोक जातात. अरुंद गल्ली, आणि आतून मागाचा ठोका ऐकू येत असतो. येवल्याला पैठणीचा माग पाहिला असेल तर ओळख लगेच पटते: जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला विणकर. आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या ज्या साधनाला आपण धोटा म्हणतो, त्याला तिथे ढरकी म्हणतात. माझं बोलणं एकदा याच शब्दावरून सुरू झालं. 'आमच्याकडे याला धोटा म्हणतात' म्हटल्यावर म्हाताऱ्या चाचांनी तो शब्द तीनदा घोळवला आणि शेजारच्या मागावरच्या पोराला ओरडून सांगितला. त्यानंतर तासभर मी तिथे बसलो होतो, तेव्हा कुठे कॅमेरा उचलला.

हे मोहल्ले मुख्यतः अन्सारी मुसलमानांचे आहेत. शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ असते, तेव्हा जाऊ नका. माग घरातच असतो, म्हणजे तुम्ही कुणाच्या तरी घरात शिरताय. दारात थांबून सलाम करा, आत बोलावलं तरच जा. घरातल्या बायकांकडे कॅमेरा वळवायचा नाही. साडी घ्या म्हणून आग्रह होईल, घ्यायची नसेल तर बसतानाच सांगून टाका, म्हणजे दोघांचाही वेळ वाचतो. आत अंधार असतो, एखादी खिडकी किंवा एक बल्ब. शटर १/१२५ वर आणा, विणकराचा हात थोडा हललेला दिसला तर बिघडत नाही, ठोक्याचा वेग त्यातच दिसतो. फ्लॅश मारू नका. बारीक जरीकाम चाललेलं असतं, डोळे दिपले तर एखादा धागा चुकतो.

दुसरी जागा म्हणजे तुलसी घाटावरचा आखाडा. कोल्हापूरच्या तालमी बघत वाढलेल्याला इथे काही शिकवावं लागत नाही: चपला बाहेर, माती कपाळाला, मग कडेला बसणं. इथे कुस्तीबरोबर जोडी, म्हणजे दोन जड लाकडी मुद्गल, फिरवतात, गदा घुमवतात. पहाटेची वेळ. गदा खांद्यावरून मागे जाते तेव्हा चेहरा क्षणभर रिकामा होतो, तो फोटो घ्या. मध्ये जाऊ नका, गदा जड असते.

मराठी वस्ती

दुर्गा घाट, ब्रह्मा घाट या भागात पिढ्यान् पिढ्या राहणारी मराठी घरं आहेत. गल्लीत मराठी ऐकू आलं की पाय आपोआप थबकतात. त्यांचं मराठी ऐकत राहावं असं असतं, जुन्या वळणाचं, मधेच बनारसी हेल. जरूर बोला. पण सावध राहा. मी एका खेपेला दोन दिवस वरण-भात खात, नाशिकचे आणि नागपूरचे नातेवाईक जुळवत बसलो आणि कॅमेऱ्यात त्या दोन दिवसांत एकही फोटो नव्हता. बाहेरगावी जाऊन आपल्याच माणसांत रमण्याची सवय मोडायची असेल तर सकाळी कचोरी-जिलेबी खा, थंडीत मलइयो, म्हणजे दुधाचा गोड फेस, खा, दुपारी जे मिळेल ते, आणि वरण-भाताला शेवटच्या दिवशी जा.

फोटो परत द्यायचे

चौथ्या दिवशी संध्याकाळी कार्डातले फोटो बघा आणि आठ-दहा निवडा. निवडताना फक्त तुम्हाला आवडलेले नकोत, ज्याचा फोटो आहे त्याला आवडतील असेही हवेत. दोन्ही याद्या फार वेगळ्या निघतात. गोदौलिया चौकाच्या बाजूला फोटो स्टुडिओ सापडतात, तिथून ४ बाय ६ च्या छापील प्रती काढून घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणू नका. आपण पाठवत नाही, आणि हे त्यांनाही आता ठाऊक झालंय.

इंटरनेटवर टाकणार असाल तर प्रती देतानाच विचारून घ्या. आणि कृपा करून खाली 'गरिबीतही सुखी' असं काही लिहू नका. माणूस काय काम करत होता ते लिहा.

पाचव्या दिवशी प्रती वाटायला जा. मी केदार घाटावरच्या न्हाव्याला त्याचा फोटो दिला तेव्हा मला तो त्या खेपेचा सगळ्यात चांगला फोटो वाटत होता: तोंड उघडं टाकून हसतोय, वस्तरा हवेत, गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालाला साबण. त्याने तो लांब धरून पाहिला, मग जवळ. "इसमें तो हम पागल लग रहे हैं," म्हणाला. मग त्याने गिऱ्हाइकाला उठवलं, स्वतः त्या पाटावर बसला, केस ओले करून विंचरले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि नदीकडे बघत म्हणाला, "अब लीजिए." मी घेतला. त्याची प्रत काढायला वेळ नव्हता, रात्रीची गाडी होती. ती छापून पाकिटात ठेवली आहे, पुढच्या खेपेला नेऊन द्यायची आहे.